तात्पुरत्या कॅपचा मुक्काम : नांदेड-लातूरच्या दंतवैद्यकातील एक दुर्लक्षित कारागिरी

किडलेला किंवा मोडलेला दात वाचवायचा असेल, तर तो चहूबाजूंनी घासून बारीक केला जातो आणि त्यावर धातूची, सिरॅमिकची किंवा झिर्कोनिया या पांढऱ्या, अतिशय कठीण पदार्थाची कायमची कॅप बसवली जाते, हे आता तालुक्याच्या गावातल्या रुग्णांनाही ठाऊक झाले आहे. ही कायमची कॅप प्रयोगशाळेत तयार होऊन येईपर्यंत घासलेल्या दातावर जी दुसरी, हलकी, प्लास्टिकच्या जातीची कॅप घातली जाते, तिच्याकडे मात्र रुग्णाचे फारसे लक्ष जात नाही आणि दंतवैद्यकाचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही तिला क्वचितच जागा दिली आहे. वास्तविक नांदेड आणि लातूर या दोन शहरांपुरते पाहिले, तर या तात्पुरत्या कॅपचा इतिहास हा मुख्यतः अंतराचा आणि वाट पाहण्याचा इतिहास आहे. ती संगणकाच्या साहाय्याने बनवण्याच्या ज्या दोन पद्धती आज समोरासमोर आहेत, त्यांची तुलना करतानाही या भागात तोच निकष पहिला धरावा लागतो.

तात्पुरत्या कॅपचे काम दाताचे उघडे अंग झाकण्यापुरते नसते. घासलेला दात तसाच राहिला, तर शेजारचे दात त्याच्या बाजूला कलतात, समोरच्या जबड्यातला दात मोकळ्या जागेत उतरू लागतो आणि हिरडी वाढून दाताची घासलेली कड झाकून टाकते. परिणामी अचूक मापाने बनवून आलेली कायमची कॅपसुद्धा दातावर बसत नाही आणि सगळे काम पुन्हा करावे लागते. दाताची नस जिवंत असेल तर गार पाण्याच्या घोटानेही ठणका उठतो, तो वेगळाच. पाठ्यपुस्तके या कॅपचे आयुष्य साधारण एक ते तीन आठवड्यांचे धरतात, परंतु मराठवाड्यात ते पुष्कळदा काही महिन्यांचे होते. सोयाबीनची सुगी, ऊसतोडीचा हंगाम, घरातले लग्नकार्य किंवा पैशांची जुळवाजुळव यांपैकी कोणत्याही कारणाने रुग्णाची पुढची खेप लांबते. मुखेड-कंधार भागातून कामासाठी बाहेर पडणारे कुटुंब दिवाळीच्या आगेमागे गेले, की गुढीपाडव्याच्या सुमारास परतते. तोंडात ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी चावणारी ती कॅप नावालाच तात्पुरती राहते.

या लांबणीला भूगोलाचीही जोड होती. निजामाच्या राज्यात असताना नांदेडचे तोंड हैदराबादकडे आणि लातूरचे तोंड सोलापूरकडे होते, आणि रेल्वेने ही दिशा पक्की केली. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग नांदेडवरून गेल्याने ते शहर एकीकडे मनमाडशी आणि दुसरीकडे हैदराबादशी जोडले गेले. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची छोटी गाडी पोहोचली आणि ती कुर्डुवाडीला मोठ्या मार्गाला मिळे. या मार्गाचे ब्रॉडगेज व्हायला २००८ साल उजाडावे लागले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी उपचारासाठी, शिक्षणासाठी आणि मालासाठी जाण्याचे जुने रस्ते एकदम बदलले नाहीत. नांदेडपासून हैदराबाद सुमारे पावणेतीनशे किलोमीटर आणि पुणे साडेचारशे किलोमीटर. त्यामुळे नांदेडच्या दंतवैद्याला हैदराबादची प्रयोगशाळा जवळची वाटावी, यात नवल नव्हते.

दंतवैद्यकाचे औपचारिक शिक्षण देशातच उशिरा सुरू झाले. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात पहिले दंत महाविद्यालय काढले, मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये उभे राहिले, आणि १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने या व्यवसायाला नोंदणीची चौकट दिली. या कायद्यातील दोन तरतुदी येथे महत्त्वाच्या आहेत. पदवी नसली तरी आधीची पाच वर्षे हाच व्यवसाय करून पोट भरणाऱ्यांना नोंदवहीच्या वेगळ्या भागात स्थान मिळाले. तसेच कवळ्या आणि दातांची इतर उपकरणे बनवणाऱ्या कारागिराला ‘डेंटल मेकॅनिक’ म्हणून कायद्याने स्वतंत्र ओळख दिली. मराठवाड्याला स्वतःचे शासकीय दंत महाविद्यालय १९८२ मध्ये औरंगाबादेत मिळाले. पुढे लातूरला अंबाजोगाई रस्त्यावर एमआयडीएसआर दंत महाविद्यालय आणि नांदेडला विष्णुपुरीच्या परिसरात नांदेड रूरल दंत महाविद्यालय अशा खासगी संस्था आल्या, आणि या दोन शहरांत दंतवैद्य तयार होऊ लागले. प्रयोगशाळांची वाढ मात्र दंतवैद्यांच्या वाढीइतकी वेगाने झाली नाही. दातांचे माप घेण्यासाठी वापरले जाणारे अल्जिनेट, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेली आणि पाण्यात कालवून लगदा होणारी भुकटी; तिचे माप हवेत ठेवले की थोड्या वेळात पाणी सोडून आकसते. म्हणून माप घेतल्याबरोबर दवाखान्यातच त्यात प्लास्टर ओतायचे, ते मॉडेल कापसात गुंडाळून डब्यात घालायचे आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मोठ्या शहराकडे रवाना करायचे, अशी रीत पडली. डबा जाऊन कॅप येईपर्यंतचा काळ तात्पुरत्या कॅपने सांभाळायचा असे आणि ती दवाखान्यातच, हाताने बनवली जाई.

ही हातची कॅप ज्या पदार्थाची होती, त्याचा इतिहास १९३० च्या दशकातील जर्मनीत सुरू होतो. त्याआधी कवळ्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या असत. तपकिरी रंगाचा आणि वास धरणारा तो पदार्थ ॲक्रिलिकने हटवला. ॲक्रिलिक म्हणजे मेथिल मेथाक्रिलेट या द्रवाचे लहान रेणू एकमेकांना जोडून तयार झालेले लांब साखळ्यांचे प्लास्टिक, ज्याला पीएमएमए असे संक्षिप्त नाव आहे. सुरुवातीला ते उष्णता देऊनच पक्के करावे लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खोलीच्या तापमानाला आपोआप पक्के होणारे ॲक्रिलिक निघाले आणि तात्पुरती कॅप खुर्चीशेजारी बनवणे शक्य झाले. भारतात या पावडर-द्रवाची डीपीआय कंपनीची बाटली गेल्या कित्येक पिढ्यांच्या दंत विद्यार्थ्यांच्या ओळखीची आहे.

हे काम जवळून पाहण्यासारखे आहे, कारण पुढच्या यंत्रांनी नेमके कशावर मात केली, ते त्यातूनच कळते. दात घासण्यापूर्वीच त्याचे माप पुट्टीत, म्हणजे कणकेसारख्या मऊ सिलिकॉनमध्ये घेऊन ठेवलेले असते. दात घासून झाल्यावर त्यावर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवतात, काचेच्या छोट्या वाटीत पावडरवर द्रव थेंबाथेंबाने सोडतात, आणि नाकात झोंबणारा वास उठत असतानाच ते मिश्रण आधी ओल्या वाळूसारखे, मग तार सुटणारे आणि त्यानंतर बोटाला न चिकटणाऱ्या गोळ्यासारखे होण्याची वाट पाहतात. तो गोळा पुट्टीच्या साच्यात भरून घासलेल्या दातावर दाबला, की खरी परीक्षा सुरू होते. मिश्रण पक्के होताना तापते, त्यामुळे जिवंत नसेला इजा होऊ शकते. आणि ते पूर्ण पक्के होईपर्यंत दातावर राहू दिले, तर खाचांत अडकून बसते आणि निघतच नाही. म्हणून रबरासारखी अवस्था आली, की ते वरखाली हलवत राहावे लागते. शुद्ध द्रव पक्का होताना आकारमानाने सुमारे २१ टक्के आकसतो. पावडर मिसळल्याने हे आकसणे सहा-सात टक्क्यांवर येते, परंतु तेवढ्यानेही कॅपची कड दाताच्या कडेपासून सुटते. मग त्या फटीत पुन्हा पातळ मिश्रण भरायचे, पुन्हा बसवायचे, चाकाने घासायचे आणि प्युमिसच्या भुकटीने चकाकी आणायची. चांगल्या हाताची कॅप सुबक होई, घाईतली कॅप हिरडीत रुतून सूज आणी. एकाच दवाखान्यात सकाळची आणि संध्याकाळची कॅप सारखी नसे, हा या पद्धतीचा मूळ दोष होता. पुढे पिचकारीतून थेट साच्यात भरता येणारे बिस-ॲक्रिल कंपोझिट आले. ते कमी तापते आणि कमी आकसते, परंतु महाग पडते, ठिसूळ असते आणि हाताचे अवलंबित्व त्यानेही संपवले नाही.

संगणकाने दात बनवण्याची कल्पना फ्रान्सच्या फ्रांस्वा द्युरे यांनी १९७३ मधील आपल्या प्रबंधात मांडली होती. प्रकाशाच्या साहाय्याने माप घ्यावे, त्याचे आकडे संगणकात जावेत आणि यंत्राने त्यानुसार कॅप कोरावी, असा तिचा आशय होता. झुरिक विद्यापीठात वेर्नर मोर्मान आणि मार्को ब्रांदेस्तिनी यांनी १९८५ मध्ये अशा यंत्रावर कोरलेले सिरॅमिकचे पहिले भरण रुग्णाच्या दातात बसवले आणि त्यातून सेरेक ही प्रणाली जन्माला आली. याच दशकात अमेरिकेत चार्ल्स हल यांनी अगदी उलट वाट धरली. त्यांच्या स्टिरिओलिथोग्राफी या पद्धतीत, जिचे पेटंट त्यांना १९८६ मध्ये मिळाले, घन ठोकळ्यातून काही कोरून काढायचे नसून द्रवरूप रेझिनवर अतिनील प्रकाश टाकून एकेक थर गोठवत वस्तू उभी करायची होती. वस्तूचा पृष्ठभाग असंख्य छोट्या त्रिकोणांत मांडणारी एसटीएल नावाची फाइल याच कामासाठी पुढे आली, आणि आज नांदेडच्या स्कॅनरवरून निघालेले माप याच स्वरूपात यंत्राकडे जाते.

या दोन वाटा तात्पुरत्या कॅपपर्यंत वेगवेगळ्या दिशांनी पोहोचल्या, आणि त्यांच्यातला हा फरक तुलनेच्या बहुतेक लेखांत सुटून जातो. कोरणारी यंत्रे महाग असल्याने ती प्रथम कायमच्या कामासाठी वापरली गेली; काही दिवसांनी फेकून द्यायच्या कॅपसाठी ती चालवणे परवडण्यासारखे नव्हते. झिर्कोनियासाठी यंत्र आले, ते रिकामे उभे राहू नये म्हणून त्याच यंत्रात पीएमएमएच्या चकत्या लावल्या जाऊ लागल्या, आणि कोरलेली तात्पुरती कॅप अशी वरून खाली आली. छपाईचे उलट झाले. छापील रेझिन कायमच्या कॅपइतके टिकाऊ नसल्याने तात्पुरती कॅप हेच त्याचे प्रवेशद्वार ठरले. जुनी पेटंटे संपून आणि मोबाइलसारख्या एलसीडी पडद्यांवर चालणारी स्वस्त यंत्रे निघून २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात छपाई यंत्राची किंमत जिल्ह्याच्या गावातल्या प्रयोगशाळेच्या आवाक्यात आली, तेव्हा मोठ्या कोरणी यंत्राची वाट न पाहता थेट छपाईकडे वळणे शक्य झाले. मराठवाड्यासारख्या, भांडवल कमी आणि अंतर जास्त असलेल्या प्रदेशात या घटनेचे महत्त्व पुण्या-मुंबईपेक्षा अधिक आहे.

दोन्ही पद्धतींचे आरंभीचे काम सारखेच असते. दाताचे माप तोंडातल्या स्कॅनरने घेतले जाते किंवा, स्कॅनर नसेल तर, नेहमीप्रमाणे माप घेऊन प्लास्टरचे मॉडेल प्रयोगशाळेच्या स्कॅनरमध्ये ठेवले जाते; पडद्यावर कॅपचा आकार रचला जातो आणि फाइल तयार होते. त्यानंतर वाटा फुटतात. कोरणी यंत्रात सुमारे ९८ मिलिमीटर व्यासाची पीएमएमएची चकती बसवतात. ही चकती कारखान्यात मोठ्या दाबाखाली आणि उष्णतेत पक्की केलेली असते, म्हणून तिच्यात पोकळ्या नसतात आणि न जुळलेला द्रवही अत्यल्प असतो. आकसणे कोरण्यापूर्वीच उरकलेले असल्याने काट्यावर काटा येतो तसा आकार मिळतो. तिची मर्यादा हत्याराची असते, कारण कोरणाऱ्या बरच्या टोकाला स्वतःची जाडी असते आणि त्याहून अरुंद कोपरा त्याला कोरता येत नाही. दात घासणाऱ्याने तीक्ष्ण कंगोरा ठेवला असेल, तर तेथे यंत्र गरजेपेक्षा अधिक पदार्थ काढते आणि कॅप आतून सैल होते. शिवाय चकतीचा बराच भाग भुकटी होऊन वाया जातो.

छपाई यंत्राला अशी हत्याराची अडचण नसते. ५० मायक्रॉनचा थर धरला, तर आठ मिलिमीटर उंचीची कॅप १६० थरांत उभी राहते. थराचा वेळ ठरलेला असल्याने एक कॅप छापा किंवा एकाच तबकावर वीस छापा, वेळ जवळपास तेवढाच लागतो. परंतु यंत्रातून बाहेर आलेली कॅप अर्धीच झालेली असते. तिच्यावरचे चिकट रेझिन आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुऊन काढावे लागते आणि मग प्रकाशाच्या पेटीत ती पुन्हा पक्की करावी लागते. या दोन पायऱ्यांत आळस झाला, तर न जुळलेले रेणू आत राहतात, कॅपची ताकद घटते आणि हिरडीला त्रास होतो. कोणत्या बाजूने थर रचले, यावरही मजबुती ठरते. लाकूड जसे रेषेने चिरते तशी छापील कॅप थरांच्या सांध्यांवर सुटू शकते, म्हणून चावण्याचा भार थरांना काटकोनात येईल, अशी तिची ठेवण निवडणे हे कुशल तंत्रज्ञाचे काम आहे.

दंत महाविद्यालयांच्या कृत्रिम दंत विभागांत, पदव्युत्तर प्रबंधांसाठी या पद्धतींची तुलना करण्याची एक ठरलेली रीत आहे. एका प्रमाणित मॉडेलवर प्रत्येक पद्धतीच्या कॅप बनवतात, सूक्ष्मदर्शकाखाली कॅपची कड आणि दाताची कड यांतली फट मोजतात, त्यांना ५ आणि ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात हजारो वेळा आलटूनपालटून बुडवतात आणि शेवटी यंत्राखाली दाबून मोडतात. फटीसाठी १२० मायक्रॉनची जी मर्यादा सर्वत्र उद्धृत केली जाते, ती मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ मध्ये, हजाराहून अधिक कॅप आणि भरणांचे पाच वर्षे निरीक्षण करून मांडली. या निकषावर कोरलेली आणि छापलेली, दोन्ही कॅप बहुधा उतरतात. कडेच्या बाबतीत छापील कॅप कित्येक चाचण्यांत बरोबरीची किंवा सरस ठरली आहे, तर ताकदीतील सातत्यात कोरलेली पीएमएमए सामान्यतः पुढे राहते आणि छापील कॅपचे निकाल रेझिनच्या जातीप्रमाणे व धुण्या-पक्के करण्याच्या शिस्तीप्रमाणे हलतात. हातची ॲक्रिलिक कॅप दोहोंच्या मागे पडते. हे निष्कर्ष मोलाचे आहेत. परंतु चाचणीच्या टेबलावर वीज जात नाही, एप्रिल-मे महिन्यांतला चाळीस अंशांपलीकडचा उन्हाळा नसतो आणि रुग्ण सहा महिन्यांनी परतत नाही. रेझिनचा घट्टपणा तापमानाप्रमाणे बदलतो, छपाई मध्येच थांबली तर सहसा संपूर्ण तबक वाया जाते, आणि अल्कोहोल वेळेवर बदलले नाही तर धुतलेली कॅपही चिकट राहते. म्हणून लातूरच्या प्रयोगशाळेने छपाई यंत्राबरोबर इन्व्हर्टर आणि वातानुकूलनाचा खर्च धरलाच पाहिजे. तो न धरता केलेली किमतीची तुलना फसवी ठरते.

रंगाचा प्रश्न या प्रदेशाचा खास आहे. नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे, आणि असे पाणी लहानपणी प्यालेल्यांच्या दातांवर कायमचे पांढुरके किंवा तपकिरी डाग पडतात. एकाच छटेच्या चकतीतून कोरलेली किंवा एकाच बाटलीतल्या रेझिनची छापलेली कॅप अशा पुढच्या दातांच्या रांगेत परक्यासारखी उठून दिसते. थरांत रंग बदलत जाणाऱ्या चकत्या मिळतात, परंतु त्या निरोगी दाताच्या टोकाकडे फिकट होत जाणाऱ्या रंगासाठी आहेत, डागांसाठी नाहीत. येथे यंत्राचे काम संपल्यावर बारीक ब्रशने रंग भरणारा तंत्रज्ञ लागतो, आणि ज्या तरुणीचे लग्न ठरायचे आहे, तिच्या दृष्टीने फटीच्या मायक्रॉनांपेक्षा या ब्रशाचे मोल अधिक असते. अशा कारागिराला प्रशिक्षण देण्याकडे या दोन्ही शहरांत यंत्रखरेदीइतके लक्ष दिले जावे, अशी अपेक्षा रास्त आहे.

लांबलेल्या मुक्कामाच्या कसोटीवर दोन्ही संगणकीय पद्धतींनी दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे फाइल. हातची कॅप पडून हरवली, तर दात पुन्हा मापावा लागे. आता उदगीरच्या रुग्णाची कॅप कोल्हापूरच्या उसाच्या फडात निघून हरवली, तरी तो परतेपर्यंत किंवा जवळच्या गावातल्या दंतवैद्याकडे जाईपर्यंत तीच कॅप पुन्हा छापता येते, आणि मध्यंतरी दात हलला नसेल, तर ती बसतेही. पुन्हा छापण्याचा खर्च कमी असल्याने येथे छपाई स्पष्टपणे सरस आहे, आणि ज्याला दोन-तीन आठवड्यांत परत येता येते, अशा शहरातल्या रुग्णासाठी तिचीच निवड योग्य होय.

परंतु कॅप हरवण्याऐवजी तडकली, तर हिशेब बदलतो. कोरलेली कॅप पीएमएमएचीच असल्याने दवाखान्यातल्या पावडर-द्रवाशी तिचे रासायनिक नाते आहे; तडा रुंद करून त्यावर द्रवाचा हात फिरवला, की नवे ॲक्रिलिक जुन्यात मुरते आणि देगलूर किंवा अहमदपूरच्या साध्या दवाखान्यातही ती दहा-पंधरा मिनिटांत दुरुस्त होते. छापील रेझिनचे रेणू एकमेकांत जाळ्यासारखे घट्ट गुंतलेले असतात, त्यांच्यात हा द्रव तितका मुरत नाही. त्याची दुरुस्ती करायची तर पृष्ठभाग खरबरीत करून बाँडिंग द्रव्य लावावे लागते आणि प्रकाशाने पक्के होणारे कंपोझिट भरावे लागते, ज्यासाठी वेगळे साहित्य आणि लाइट हाताशी असावा लागतो. म्हणून जो रुग्ण हंगामासाठी दूर जाणार आहे, त्याच्या दाढेवर जाड भिंतीची कोरलेली पीएमएमए कॅप घालणे आणि तिची फाइल जपून ठेवणे, हाच या भागातला शहाणपणाचा पर्याय ठरतो, मग त्यासाठी मॉडेलचा डबा एकदा हैदराबादच्या गाडीत चढवावा लागला तरी हरकत नाही.